देवी ज्या वाटेने गेली

"आमच्याकडे समाजसुधारणा देवीने केली, मॅडम," असं प्रकाश मला शिक्षकांच्या एका शिबिरात म्हणाला होता. मी तिथे व्याख्यान द्यायला गेले होते. विषय नेहमीचाच, इंग्रजी अमदानीतल्या सुधारणा. सभा, वर्तमानपत्रं, विधवांसाठीचे आश्रम, सहभोजनं, आणि त्यापायी वाळीत पडलेली धीट माणसं. कराडच्या कॉलेजात मी तीच गोष्ट निवृत्त होईपर्यंत सांगितली. व्याख्यान संपल्यावर चहाचा कप घेऊन हा तिशी ओलांडलेला शिक्षक माझ्याजवळ आला. डहाणू तालुक्यातल्या रानशेतचा. ते वाक्य बोलला आणि म्हणाला, "एकदा या आमच्याकडे. माझा काका सांगेल."

मी गेले. परत आले त्याला आता काही महिने झाले. तिकडे न गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. ज्यासाठी गेले होते त्याबद्दल लिहायचं तर दोन पानांत संपेल. बाकीचं तिथे घडलं म्हणून लिहिते.

डहाणू

थंडीचे दिवस होते, पण डहाणूला थंडी म्हणजे पहाटे अंगावर घ्यायची एक चादर. गाडीतून उतरले तेव्हा स्टेशनाबाहेर चिकूच्या करंड्यांची चढ-उतार चालली होती. रिक्षावाला माझ्याशी मराठीत, फळवाल्याशी गुजरातीत आणि मोबाइलवर हिंदीत बोलत होता, आणि या तिन्हींत त्याला मध्ये कुठे श्वास घ्यावा लागत नव्हता. किनाऱ्याला सुरूची झाडं, त्यापलीकडे ओहोटीने लांब गेलेला समुद्र, आणि अलीकडे मच्छीमारांची वस्ती. आडव्या बांबूंवर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले. आमच्याकडे दोरीवर धुणं वाळतं तसे.

प्रकाशने माझी सोय त्याच वस्तीत हिराबेनकडे केली होती. हिराबेन डहाणूच्या बाजारात मासळी विकते. साठीची, आवाज खणखणीत. देवीची वाट जिथून निघाली ते ठिकाण आधी बघा, असं प्रकाशचं म्हणणं होतं, आणि ते ठिकाण म्हणजे हा किनारा.

गोष्ट अशी. शंभरेक वर्षांपूर्वी या पट्ट्यात देवीची साथ आली. माणसं फोडांनी भरली, मेली. ती जावी म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनी देवीची पूजा मांडली, आणि मग माणसांच्या अंगातच देवी येऊ लागली. अंगात आलेल्या बाया बोलायच्या. दारू सोडा. मांस-मासळी सोडा. रोज आंघोळ करा, घर झाडून ठेवा. दारूच्या दुकानदाराकडे मजुरीला जाऊ नका. हे ऐकायला माणसं गावोगावाहून यायची, ऐकून परत जायची, आणि मग त्यांच्यातल्या कोणाच्या तरी अंगात यायचं. अशी ती देवी किनाऱ्यावरून आत जंगलात शिरली, पाड्यापाड्यांवरून तलासरीकडे आणि पुढे गुजरातेत गेली. तिच्यासाठी कोणी मंडळ काढलं नव्हतं, कोणी पत्रक छापलं नव्हतं. शहरातले टोपीवाले कार्यकर्ते आले ते मागाहून.

"मग तुमच्याकडे मासे किती दिवस बंद होते?" मी हिराबेनला विचारलं.

ती बोंबलाचं कालवण वाढत होती. वाढता वाढता हसली. "माझी आजेसासू सांगायची, थोडे दिवस बंद. आमी मासे नाय खाणार तर काय खाणार? मंग लोकांनी देवीची ओटी भरली, हात जोडले आणि वेशीवर नेऊन तिला पुढं पाठवली. म्हणाले, माते, आता रानातल्यांचं बघ."

"आणि ती गेली?"

"गेली तर. देवी हट्टी नसते. माणसं हट्टी असतात."

मी तेव्हा मोठ्याने हसले. कालवण तिखट होतं आणि चवीला अप्रतिम होतं. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना ओल्या वाळूत माझी चप्पल तुटली, ती हिराबेनच्या सुनेने सुतळीने बांधून दिली. इतका हलका दिवस त्या प्रवासात पुन्हा आला नाही.

रानशेत

सकाळी प्रकाश मोटारसायकल घेऊन आला. डहाणू मागे पडलं तशा चिकूच्या वाड्या संपल्या, मग फुग्यांचे कारखाने, मग कापलेल्या भाताची रिकामी खाचरं, आणि खाचरांच्या बांधावर ताडाची झाडं. ताडाला अडकवलेली मडकी मी प्रकाशला दाखवली. तो म्हणाला, "आमच्या घरी त्या झाडाकडे बोट पण दाखवत नाहीत."

त्याच्या घराचं अंगण इतकं स्वच्छ सारवलेलं होतं की मी सुतळीची चप्पल बरीच अलीकडे काढली. कुडाच्या भिंतींचं जुनं घर आणि त्याला जोडून विटांची नवी खोली. ओट्यावर प्रकाशचे मोठे काका बसले होते. गोविंददादा. सत्तरीपुढचे, सडपातळ, गळ्यात माळ. त्यांनी आधी माझे पाय धुवायला पाणी दिलं. मग विचारलं, "तुम्ही दारू पिता?"

"नाही."

"मांस?"

"आमच्या घरी करत नाहीत." आदल्या दिवशीच्या बोंबलांचा विषय मी काढला नाही.

"मग आत बसा," ते म्हणाले. आधी मला गंमत वाटली. हे विचारणं औपचारिक नव्हतं, हे नंतर कळलं.

गोविंददादांच्या आजीच्या अंगात देवी आली होती. ते स्वतः तेव्हा जन्मलेले नव्हते, पण ती हकिकत त्यांनी वडिलांकडून इतक्यांदा ऐकली होती की डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली. त्या काळी सरकारने घरची ताडी काढायला, मोहाची दारू गाळायला बंदी केली आणि दुकानदारांना ठेका दिला. पाड्यातले बाप्ये दुकानात प्यायचे आणि दुकानदाराच्याच वाडीत राबायचे. बायका नवऱ्यांना आणायला जायच्या आणि वाडीत त्याही राबायच्या.

"आजी अंगणात बसली," गोविंददादा म्हणाले, "केस सोडले, आणि तिच्या नवऱ्याला म्हणाली, आजपासून तू त्याच्या दारात जाशील तर माझ्या दारात यायचं नाय. नवरा तिला मारायचा. त्या दिवशी पाया पडला. कारण ती बोलत नव्हती ना, देवी बोलत होती. पाड्यातला एकेक बाप्या आला आणि पाया पडला. दुकानदाराच्या वाडीत चिकू झाडावर पिकून खाली पडले, उचलायला माणूस नाय. शेवटी तो गाडी जुंपून स्वतः आला. म्हणाला, या परत. कोणी गेलं नाय."

मी गेली कित्येक वर्षं ज्या प्रकारच्या क्षणाबद्दल वर्गात बोलत आले तो क्षण माझ्यासमोर एका शेणाने सारवलेल्या अंगणात उभा होता. मी अगदी भारावून गेले. खरंच सांगते, मला वाटलं की आता याच्यावर लिहायचं.

"मग सगळ्यांनी पाळलं?" मी विचारलं.

"सगळ्यांनी कुठलं. चार-सहा महिने पाळलं. मग शिमगा आला, लग्नं आली, नव्या भाताला देवाला कोंबडी लागते, ताडी लागते. बरेच परत गेले. ज्यांनी पाळलं ते वरजेले. वर्ज्य केलं म्हणून वरजेले. त्यांनी परत गेलेल्यांच्या घरचं पाणी सोडलं. पाणी नाय, जेवण नाय, सोयरीक नाय."

"अजून?"

"आता सगळीकडं नाय राहिलं. पण आमच्या घरात राहिलं."

त्यांनी ते अभिमानाने सांगितलं. आणि लगेच, मी न विचारता, अभिमानाचं कारणही सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ रामू, म्हणजे प्रकाशचा बाप, याने व्रत मोडलं. प्यायला लागला, घर सोडून पलीकडच्या पाड्यावर राहिला. एक दिवस शेताच्या बांधाखाली मरून पालथा पडलेला मिळाला. गोविंददादांनी जाऊन भावजयीला आणि तिच्या दोन लेकरांना घरी आणलं, व्रत पुन्हा दिलं आणि आपल्या मुलांबरोबर वाढवलं. "एक थेंब आत आला की घर जातं, बाई," ते म्हणाले. "मी बघितलंय."

ती भावजय आम्हाला जेवण वाढत होती. मंगलीबाय, प्रकाशची आई. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. मी मुद्दाम तिला विचारलं की देवीच्या या व्रताबद्दल तिला काय वाटतं.

"देवीनं आमाला जगवलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही आडपडदा नव्हता.

दोन लेकरं म्हणजे प्रकाश आणि कोण, हे विचारायचं माझ्या मनात होतं. तेवढ्यात प्रकाशचा फोन वाजला. तो उठून अंगणाच्या टोकाला गेला. परत आला तेव्हा आईकडे न बघता काकांना म्हणाला, "यमुनाला घरी आणलंय. डॉक्टरांनी न्या म्हणून सांगितलं."

मंगलीबायच्या हातातली भाकरी टोपलीत पडली.

यमुना ही प्रकाशची मोठी बहीण. डहाणूजवळच्या एका वाडीत चिकू काढायच्या कामाला जायची तेव्हा तिचं काशिनाथशी जमलं. तो तलासरीकडच्या एका पाड्यावरचा, आता गुजरातेत कारखान्यात जातो. भला माणूस, स्वतः पीतसुद्धा नाही, पण त्याचं घर परत गेलेल्यांतलं. नव्या भाताला त्यांच्या अंगणात कोंबडी कापतात. यमुना त्याच्याबरोबर गेली त्या दिवसापासून मंगलीबायने लेकीच्या घराचा उंबरा पाहिलेला नव्हता. यमुनाला एक मुलगी आहे, शाळेत जाणारी, हेही मंगलीबायला प्रकाशकडून ऐकूनच माहीत. आणि आता यमुनाची कावीळ पोटात गेली होती, पोट पाण्याने फुगलं होतं. ती एकच मागत होती. आईला बोलवा.

गोविंददादांनी गळ्यातली माळ बोटांत धरली. मग म्हणाले, "जा. आई आहेस. मी नको कसं म्हणू?" आणि थोड्या वेळाने, "पण तिथलं पाणी घेऊ नकोस, मंगली. घेतलंस तर मी तुला चुलीशी बसवू शकणार नाय. माझ्याच्यानं होणार नाय."

ओरडून, धमकावून म्हणाले असते तर मला राग धरता आला असता. ते जवळजवळ विनवत होते.

मंगलीबाय आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती आणि थंड पेयाच्या मोठ्या बाटलीत भरलेलं घरचं पाणी.

महामार्ग

प्रकाशने शेजाऱ्याची चारचाकी मागून आणली. मी परत डहाणूला जाते म्हटलं, तर तोच म्हणाला, "चला ना, मॅडम. आई कोणाशी तरी बोलेल." मला वाटतं त्याला स्वतःलाच कोणीतरी परकं माणूस बरोबर हवं होतं.

चारोटी नाक्याला महामार्ग लागला. उजव्या हाताला महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसला तसे मंगलीबायने हात जोडले आणि तो दिसेनासा होईपर्यंत जोडलेलेच ठेवले. पुढे ट्रकांची रांगच्या रांग. त्यातच टायर पंक्चर झालं. प्रकाश जॅक लावत होता तोवर आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला गवताच्या भाऱ्यावर बसलो. तिची बोली मला पुरती पेलत नाही, म्हणून तिचं म्हणणं बरंचसं माझ्या भाषेत सांगते.

"यमुना लहान असताना हिचा बाप पिऊन यायचा," ती म्हणाली, "तेव्हा ही मला सांगायची, आय, तू पळ, मी दार धरते. एवढीशी होती. दाराला पाठ लावून उभी राहायची."

मग तिने भाऱ्यातली एक काडी ओढून काढली आणि विचारलं,

"तुमच्यात लेकीच्या घरी जेवतात?"

"आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये असं जुने लोक म्हणायचे. आता नाही कोणी पाळत."

"मूल झालं की पितात?"

"हो."

"मग बरंय तुमचं," ती म्हणाली. "त्याला शेवट तरी आहे."

टायर बसल्यावर प्रकाशने टपरीवरून तिघांना चहा आणला. मंगलीबायनेही घेतला. मला आश्चर्य वाटलेलं प्रकाशला दिसलं. "हॉटेलात चालतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी आणि यमुना तलासरीच्या बाजारात भेटतो ना, तेव्हा हॉटेलातच चहा पितो. हॉटेलवाला कोण, कोण विचारतंय? तिच्या घरी मात्र मी अंगणापर्यंतच."

तो शाळेत पाचवीच्या मुलांना समता शिकवतो. हे मी टोचून लिहीत नाही. मला त्याचा चेहरा दिसला होता.

यमुनाचं घर

तलासरीच्या अलीकडे महामार्ग सोडून आत गेलं की टेकाडावर तो पाडा आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला विहीर. काशिनाथ दारातच उभा होता. त्याने सासूला पाहिलं आणि बाजूला झाला. पाया पडायला वाकला, पण हात लावला नाही. चालेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

यमुना खाटेवर होती. डोळे हळदीसारखे पिवळे, हातपाय काटकीसारखे आणि पोट मोठं. चाळिशीही गाठलेली नसावी. आईला बघून तिने उठायचा प्रयत्न केला. मंगलीबाय खाटेच्या काठावर बसली आणि तिच्या केसांतून बोटं फिरवू लागली, गुंता सोडवल्यासारखी. बराच वेळ.

मग यमुना मुलीला म्हणाली, "दीपा, आजीला पाणी दे."

परकरातली, दोन वेण्या घातलेली दीपा तांब्या घेऊन आली आणि आजीसमोर धरून उभी राहिली. घरातलं सगळं थांबलं. काशिनाथची आई चुलीशी होती, तिने मान फिरवली. प्रकाश अंगणातच थांबला होता, तो दारातून बघत होता.

मंगलीबायने तांब्या घेतला. तेवढं मी पाहिलं आणि मला वाटलं, घेतलं बाईने. पण तिने तो खाटेखाली ठेवला. "पिते गं," ती म्हणाली. "आधी तुझ्याशी बोलते."

"पी ना, आय."

"पिते. आत्ताच चहा झालाय."

यमुना हसली. तिला समजलं होतं. तिने पुन्हा म्हटलं नाही. आईचा हात घेऊन आपल्या गालाखाली ठेवला आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने मी मोकळ्या हवेसाठी घरामागे गेले. मंगलीबाय तिथे भिंतीला टेकून उभी होती आणि बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती. माझ्याकडे बघून तिने बाटली पदराआड केली. माझ्या मागे दीपा उभी होती. तिने आजीला विचारलं, "आमचं पाणी घाण आहे काय?"

आजी बाटलीचं बूच लावत राहिली. मी फक्त दीपाचा हात धरला. इतकी वर्षं शिकवूनसुद्धा.

संध्याकाळी मंगलीबाय लेकीजवळ राहिली. प्रकाशने मला तलासरीत त्याच्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडे पोचवलं. तिने वरणभात केला, मी दोन घास खाल्ले. प्रकाश गाडीतच झोपला म्हणे, त्या अंगणाच्या बाहेर.

दुसरा दिवस

यमुना उजाडताना गेली. तांब्या खाटेखाली तसाच होता.

मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मंगलीबाय रडत नव्हती. लेकीच्या केसांना तेल लावून वेणी घालत होती. तिच्या जवळ जावं असं कोणालाच वाटेना.

प्रेत उचलायच्या आधी अंगणाच्या टोकाला, आंब्याखाली, गोविंददादा दिसले. पहिल्या एसटीने महामार्गावर उतरून चालत आले होते. त्यांना कोणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. काशिनाथची आई, म्हातारी, मला हळूच म्हणाली, "आज आला होय? हिच्या लग्नाला बोलवायला मी स्वतः गेले होते. वेशीवरूनच परत लावलं होतं."

त्या पाड्यात बायकाही नदीपर्यंत गेल्या, म्हणून मीही गेले. आमच्याकडे आम्ही दारातून मागे फिरतो. नदीला पाणी कमी होतं, खडकच जास्त. गोविंददादांनी काठावरची एक वाळकी फांदी उचलली, खांद्यावर घेऊन आले आणि सरणावर ठेवली. ठेवताना त्यांचा तोल गेला, तर काशिनाथने त्यांना दंडाला धरून सावरलं. दोघे क्षणभर तसेच उभे राहिले. मग गोविंददादा परत लांब जाऊन बसले.

घरी परतल्यावर अंगणात सगळे हातपाय धुवून बसले. काशिनाथची आई कळशी आणि तांब्या घेऊन निघाली. नदीवरून आलेल्या प्रत्येकाला घोटभर पाणी द्यायची तिथली पद्धत आहे. मला दिलं, मी प्यायले. माझं त्यात काय जाणार होतं?

मंगलीबायसमोर म्हातारी थांबली. तिला तांब्या पुढे करावा की नाही कळेना. मंगलीबायनेच हात पुढे केला. तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळा रिकामा केला. श्वास न घेता. पाणी हनुवटीवरून गळ्यात, लुगड्यावर सांडत होतं. तांब्या खाली ठेवून तिने आंब्याखाली बसलेल्या दिराकडे पाहिलं.

"झालं, दादा," ती म्हणाली.

गोविंददादांनी मान हलवली. "झालं," ते म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते.

मग म्हातारी प्रकाशसमोर आली. त्याच्या सख्ख्या बहिणीच्या घरचं पाणी. प्रकाशने तांब्या घेतला, ओठांपर्यंत नेला. त्याची आई त्याच्याकडे बघत होती आणि त्याचे काकाही. त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तांब्या हळूच खाली ठेवला आणि उठून गाडीकडे निघाला.

दीपाने तो तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी तुळशीला घातलं.

मंगलीबाय आमच्याबरोबर आली नाही. निघताना मी तिच्याजवळ गेले. ती दीपाच्या वेण्या सोडत होती. "आता तिकडं चुलीशी बसता येणार नाय," ती म्हणाली. "इकडं हिला बघायला कोणीतरी पायजे." आणि मग, जणू माझीच समजूत घालत, "पक्याला बोलू नका काही. त्याची बायको-पोरं तिकडं आहेत. दादानं त्याला शिकवलंय."

परतीच्या वाटेवर गोविंददादा मागच्या सीटवर होते. प्रकाश गाडी चालवत होता. चारोटी नाका आला. मग प्रकाश एकदम म्हणाला, "मला घरी जायचं होतं ना, मॅडम." त्याला बहुधा उत्तर नकोच होतं.

त्यानंतर गोविंददादांनी मला विचारलं, "तुम्ही प्यायलात ना तिथलं?"

"हो."

"त्यांच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, असं यमुना प्रकाशला सांगायची." ते खिडकीबाहेर बघत होते. "गोडं आहे?"

"गोडं आहे," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले.

कराड

घरी आल्यावर मी देवीच्या त्या लाटेवर लेख लिहायला बसले. दुकानदाराच्या वाडीत झाडावर पिकून पडलेल्या चिकूंपर्यंत लेख सुरेख झाला. पुढे सरकला नाही. अंगणात केस सोडून बसलेल्या त्या बाईने आपल्या माणसांना खरोखरच वाचवलं होतं. तिच्या नातवाने भावाच्या लेकरांना वाचवलं. आणि त्याच हातांनी... असं वाक्य सुरू करते आणि पुसते. वर्गात मी हे दोन तासांत मांडलं असतं, फळ्यावर एका बाजूला फायदे, एका बाजूला मर्यादा.

प्रकाशचा अधूनमधून फोन येतो. बदलीसाठी अर्ज केलाय म्हणतो, तलासरीकडे. अजून तरी अंगणापर्यंतच जातो.

होळीच्या आधी मंगलीबाय दीपाला घेऊन रानशेतला आली होती, असं त्याने सांगितलं. नात काकांना दाखवायला. गोविंददादांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला चिकू दिले, शाळेचं विचारलं. जेवायची वेळ झाली तेव्हा प्रकाशच्या बायकोने दोघींची पानं अंगणात, गोठ्याच्या बाजूला मांडली. मंगलीबाय जाऊन बसली. ज्या घरात तिने उभं आयुष्य रांधलं त्या घराकडे तोंड करून.

दीपाने विचारलं, "आजी, सगळे आत आणि आपण बाहेर का?"

"बाहेर वारा असतो, बाय," ती म्हणाली. "जेव."

जेवण झाल्यावर तिने दोन्ही पानं स्वतः उचलून लांब टाकली. मग गोठ्यातून शेण घेतलं आणि जिथे त्या दोघी बसल्या होत्या तेवढी जागा सारवून काढली. कोणी सांगितलं नव्हतं. हात धुतले, दीपाचं बोट धरलं आणि एसटी गाठायला निघाली.